दार बसवणे

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक सोहळा झाला. सोहळा म्हणजे काय, तर पाच वर्षे पडवीत लाकडी ठोकळ्यांवर उभी असलेली एक जुनी मोटार स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडली, पालघरच्या हुतात्मा स्तंभाला वळसा घालून परत घरी आली. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. सूनबाईने शेजारी पेढे वाटले. नातवाने मोबाइलवर सगळे टिपले आणि नातेवाइकांना पाठवले. संध्याकाळी ठाण्याहून धाकट्या बहिणीचा फोन. "अण्णा, पंचाहत्तरी आली. आता हे कशाला?"

हा प्रश्न गेल्या पाच वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की एकदाच सविस्तर उत्तर लिहून टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी तोंडी परीक्षा द्यावी लागणार नाही.

गाडी १९७३ सालची आहे. लोक तिला सरसकट फियाट म्हणतात, कोणी पद्मिनी म्हणतात. दोन्ही नावे चुकीची. तिचे खरे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट'. फियाट हे नाव गेले आणि पद्मिनी हे नाव यायचे होते, त्या मधल्या दोनेक वर्षांतली ही गाडी. एका मोटारीला तीन नावे का पडली, हाच मुळी इतिहासाचा धडा आहे. आणि मी चौतीस वर्षे इतिहासच शिकवला.

२०१९ च्या दिवाळीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याने बातमी आणली. चिंचणीला एका वाडीत, चिकूच्या झाडांमागच्या गोठ्यात, एक फियाट पडून आहे. तिचे मालक डॉक्टर होते. चिंचणी, तारापूर, बोईसर या भागात रात्री-अपरात्री हीच गाडी घेऊन पेशंट बघायला जायचे. ते गेले, मुले परगावी, आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. हे अक्षरशः. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमधून मी स्वतः तीन अंडी काढली. पस्तीस हजारांना सौदा झाला आणि टेंपोत चढवून गाडी पालघरला आली. मुलगा म्हणाला, "बाबा, यात गाडी किती आणि गंज किती, हे वजन करून घेतलं का?"

बरोबर होते त्याचे. आमच्या किनाऱ्यावर खारा वारा लोखंडाला टिकू देत नाही. घराच्या खिडक्यांचे गज खातो तो, मग चार दशके उघड्यावर राहिलेल्या पत्र्याचे काय! पण मी ती घेतली, त्याला कारण होते आमचा दादा.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमची शेती ती केवढी, माहीमला दोन पानवेलीचे वाफे आणि थोडे भात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मुंबईला गेला आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये लागला. तिथून रिटायर होईपर्यंत तिथेच. माझ्या शिक्षणाचा खर्च त्याने केला. मी बीए झालो, शिक्षक झालो, तो त्याच्याच पगारावर. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे जे सांगणार आहे ते मला शोभणारे नाही.

त्याआधी थोडा कारखान्याचा इतिहास.

मोटार हिंदुस्थानात बनली पाहिजे, हा ध्यास घेणारे पहिले मोठे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे. म्हैसूरच्या दिवाणगिरीतून मोकळे झाल्यावर १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आले. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, त्यांची सहानुभूती होती. आणि योजना उचलून धरायला माणूस मिळाला तो आपल्या सोलापूरचा, वालचंद हिराचंद. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारला इथे मोटारी बनाव्यात याची काही घाई नव्हती. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. त्याच प्रवासात एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाची गाठ पडली आणि त्यातून १९४० साली बंगळूरचा विमान कारखाना निघाला. म्हणजे गेले मोटारीसाठी आणि आले विमान घेऊन! मोटारीला मात्र १९४४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि १९४७ साली कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या.

'जोडून' हा शब्द महत्त्वाचा. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे फक्त पाने फिरवायचे. जनरल मोटर्स तर १९२८ पासून शिवडीला हेच करत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जोडाजोड चालणार नाही. १९५३ साली धोरण आले. ज्यांना हळूहळू भाग इथेच बनवायचे असतील त्यांनी राहावे, बाकीच्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही १९५४ साली इथली जुळणी बंद केली. प्रीमियर राहिली. वालचंद १९५३ सालीच गेले, पुढचा कारभार त्यांचे बंधू लालचंद यांच्याकडे आला. आणि १९५४ पासून कुर्ल्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी सुरू झाली.

माझ्या वयाच्या मुंबईकरांना ती पहिली ११०० आठवत असेल. गोल पाठीची, पुढची दारे उलटी उघडणारी. लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. नाव प्रेमाचे होते की रागाचे, कोण जाणे, पण चपखल होते. १९६४ साली चौकोनी अंगाची, मागे बारीक पंख काढलेली ११०० डी आली, तिला इथे 'डिलाइट' म्हणत. हीच ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गाडी. इटलीत ११०० ची अख्खी मालिका १९६९ साली बंद पडली. आपल्याकडे करार १९७२ साली संपला आणि फियाट हे नाव काढून 'प्रेसिडेंट' लावले गेले. १९७४ साली तेही काढून चितोडच्या राणीचे नाव दिले, पद्मिनी. अंग तेच, इंजिन तेच, १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे. हे अंग विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुर्ल्यात बनत राहिले. छत्तीसेक वर्षे एकच साचा!

आता माझी गोष्ट.

१९७४ च्या गणपतीला दादा गावी आला होता. नवीन नावाची गाडी निघाल्याचे कौतुकाने सांगत होता. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालेला, पंचविशीच्या आतला, चार पुस्तके वाचून शहाणा झालेला. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालो, "इटलीवाल्यांनी टाकून दिलेली गाडी आहे ती दादा. नाव बदललं म्हणून नवी होते काय? आणि त्यात तू करतोस काय? दारं लावतोस!"

पंगत हसली. दादाने भात कालवला आणि म्हणाला, "दार लागायला पाहिजे ना पण."

एवढेच. पुन्हा तो विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कारखान्यात मोठे कामगार लढे झाले. दत्ता सामंतांच्या युनियनने तिथे जी पगारवाढ मिळवून दिली, तिची चर्चा गिरणगावापर्यंत गेली, आणि १९८२ साली गिरणी कामगार त्यांच्यामागे गेले त्यात या पगारवाढीच्या कीर्तीचाही वाटा होता. त्या दिवसांबद्दलही दादा फारसे बोलला नाही. एक सवय मात्र मी आयुष्यभर पाहिली. मुंबईत टॅक्सीतून उतरला की तो दार आपटायचा नाही. दोन बोटांनी लोटायचा, खट् असा आवाज ऐकायचा आणि दाराच्या फटीवरून अंगठ्याचे नख वरून खाली फिरवायचा. टॅक्सीवाला वैतागून बघत राही. मला वाटे, काय हा चाळा!

२०१६ साली दादा गेला. तीन वर्षांनी चिंचणीच्या गोठ्यात ती गाडी पाहिली तेव्हा मी आधी काय केले असेल? पुढचे दार उघडून लावून बघितले. ते लागले नाही. बिजागरी झिजून दार खाली उतरले होते.

पहिली चूक लगेच केली. उत्साहाच्या भरात गाडी एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला दिली. दीड महिन्यात चकचकीत होऊन आली. पहिल्याच पावसाळ्यानंतर दारांच्या खालच्या कडांना फोड आले. नखाने टोकरले तर आत बोटभर लांबी, आणि लांबीमागे पत्राच नाही! गंजलेल्या भोकावर जाळी लावून लांबी थापली होती. साठ हजार पाण्यात, पण धडा मिळाला. वरून चांगले दिसते त्याच्या आत बघावे, हे मी मुलांना इतिहासाची साधने शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. स्वतःला सांगायचे राहून गेले होते.

मग ठरवले, घरीच करायचे. एकेक भाग. बोईसरचे एक मिस्त्री मिळाले, साठीचे, उभी हयात फियाट खोललेले. ते रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस मी खोलायचो, घासायचो, रॉकेलमध्ये धुवायचो, आणि वहीत लिहायचो. कोणता बोल्ट कुठला, कोणती वायर कोणत्या रंगाची. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा मिस्त्री येणे बंद झाले. त्या काळात मी एकट्याने डायनॅमो, कार्बोरेटर, वायपरची मोटर, कुलपे असे सगळे किडुकमिडुक खोलून ठेवले. व्हरांड्यात वर्तमानपत्रे अंथरून भाग मांडलेले. सौ. म्हणाली, घराचे म्युझियम झाले.

ती थट्टेने म्हणाली, पण मला खरेच तसे वाटू लागले होते. कारण प्रत्येक भागावर काही ना काही कोरलेले होते. काळा मळ निघाला की अक्षरे वर येत. शिलालेखाचा ठसा घेताना व्हावे तसे व्हायचे. डायनॅमोवर लुकास-टीव्हीएस. ही मद्रासजवळ पाडी इथली, १९६१ सालची कंपनी. स्पार्क प्लगांच्या एका जुन्या डबीवर मायको, म्हणजे बंगळूरची, १९५१ सालची. डिकीतल्या स्टेपनीवर सिएट, म्हणजे आपल्या भांडुपची, १९५८ सालची. स्थापनेची सगळी साले पन्नास-साठच्या दशकांतली! १९५३ च्या त्या धोरणाची एक ओळ मी फळ्यावर कितीदा तरी लिहिली असेल, 'देशी उत्पादनाला संरक्षण.' त्या ओळीचा अर्थ मला व्हरांड्यात, रॉकेलच्या वासात कळला. मोटार एका कारखान्यात बनत नाही. ती कुर्ल्यात जोडली जाते, पण बनते पाडीला, बंगळूरला, भांडुपला आणि चिंचवडला. ज्यांनी फियाट कधी घेतली नाही अशा हजारो घरांत तिने चूल पेटवली.

अर्थात नाण्याची दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. संरक्षण मिळाले तसे स्पर्धेचे भय गेले. गाडीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतीही बांधून दिल्या, ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. किंमत वाढवता येत नाही म्हणून सुधारणा नाही, आणि गिऱ्हाईक कुठे जात नाही म्हणूनही सुधारणा नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि लोकांना कळले की गाडी एका चावीत चालू होऊ शकते. म्हणजे पंगतीत मी बोललो ते अगदीच खोटे नव्हते. गाडी जुनीच होती. पण जे खरे आहे ते कोणाला, कुठे आणि कोणत्या तोंडाने सांगावे, हे बीएच्या अभ्यासक्रमात नव्हते.

इंजिनाचे काम तसे सोपे गेले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाले पुष्कळ. रसायनांच्या कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट कातणारा एक मुलगा माझ्या एका विद्यार्थ्याचा भाचा निघाला. सिलिंडर बोअर करून, वरच्या मापाचे पिस्टन आणि नवे रिंग सेट टाकून इंजिन तयार झाले. रबरी पाइप आणि पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला पडदा मात्र नव्या जातीचा घालावा लागला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुने रबर त्यात फुगते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, त्यांच्या रबरी किट अजून मिळतात. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आठ-दहा खेपा झाल्या. मिस्त्री सांगतात, जुन्या टॅक्सी मोडीत निघत होत्या तोवर हवा तो भाग मिळायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्याबरोबर मोडीचा झराही आटला.

खरी परीक्षा पत्र्याची होती. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, दारांखालचे उंबरठे, खांब आणि छत मिळून जो पेटारा होतो तीच तिची ताकद. आमच्या गाडीचे दोन्ही उंबरठे गंजून भुगा झाले होते. ते कापून नवीन पत्रा घडवून सीओटू वेल्डिंगने जोडायचे ठरले. वेल्डिंगला जागा मोकळी हवी म्हणून आम्ही आधी चारही दारे काढून ठेवली.

ही दुसरी चूक, आणि ही कोणा गॅरेजवाल्याची नाही, आमची. उंबरठा कापल्याबरोबर पेटाऱ्याची ताकद गेली आणि मधला भाग काही मिलिमीटर खाली बसला. डोळ्याला दिसला नाही. आम्ही तसेच वेल्डिंग केले, खूश झालो, आणि मग दारे लावायला घेतली. दार खाली लागले तर वर फट, वर जुळवले तर कुलूप जागेवर येईना. बिजागरीखाली पत्त्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. तीन आठवडे! शेवटी एका रविवारी मिस्त्री जमिनीवर बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "सर, दारात दोष नाही. घर वाकलंय."

सगळे वेल्डिंग पुन्हा कापले. गाडी खालून जॅकने एकेक सूत उचलली. या खेपेला दारे जागच्या जागी लावून ठेवली, फट नीट दिसेपर्यंत उचलली, आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या मारल्या आणि मगच नवा उंबरठा जोडला. दारे बसवण्याचा क्रमही मिस्त्रींनी शिकवला. आधी मागचे दार, त्याच्या अंगाखांबाशी जुळवून. मग पुढचे दार, मागच्या दाराशी जुळवून. मग मडगार्ड, पुढच्या दाराशी जुळवून. उलटीकडून सुरू केले तर सगळी चूक शेवटी एका जागी गोळा होते. फट सगळीकडे सारखी हवी. मापाला माझ्याकडे पाटीवरची पेन्सिल होती. ती फटीतून वरून खाली कुठेही न अडकता, कुठेही न डुगडुगता फिरली की दार बसले.

चारपैकी शेवटचे दार बसले ती २०२३ मधल्या श्रावणातली दुपार होती. मिस्त्री जेवायला गेले होते. मी दोन बोटांनी दार लोटले. खट्. नकळत अंगठ्याचे नख फटीवरून फिरवले, आणि तिथेच पायरीवर बसलो. एकोणपन्नास वर्षांनी मला कळले होते की तो चाळा नव्हता. दार म्हणजे त्या सगळ्या पेटाऱ्याची परीक्षा असते. आधीच्या वीस हातांनी केलेल्या चुका शेवटी दाराशी येऊन थांबतात, आणि दारवाल्याला त्या निस्तराव्या लागतात. मी चार दारांना तीन महिने घेतले. दादाने आयुष्यात किती बसवली असतील? तेही घाईने सरकणाऱ्या रांगेत.

आणखी एक. मागच्या डाव्या दाराचे आतले पॅड काढले तेव्हा पत्र्यावर, रंगाच्या पहिल्या हातावर, खडूसारख्या कशाने तरी लिहिलेले दिसले. 'मा. डा.' आणि खाली एक रेघ. मागचे डावे. देवनागरीत. ते दादाचे अक्षर आहे असे मी म्हणणार नाही. तिथे शेकडो हात होते, आणि पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये हे मीच शिकवले आहे. पण त्या जागेवर रंग मारू दिला नाही. पॅडच्या आत ते अजून आहे.

गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा नवा प्रश्न आला. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, फी वीस हजार, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. मान मोठा, पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मुलगा म्हणाला, पाटी घ्या, भाव येईल. त्याचेही बरोबर. वहीप्रमाणे आजवरचा खर्च तीन लाख सत्याऐंशी हजार झाला आहे आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही. माझ्या पेन्शनीतून इतके जावेत हे त्याला पटले नव्हते, आणि त्यावरून आमच्या घरात दोन-तीनदा आवाज चढले, हेही लिहून ठेवतो.

मी साधीच नोंदणी नूतनीकरण करून घेतली. एक तर 'मूळ रूप' या शब्दाशी मी अडलो. उंबरठे नवे, पिस्टन नवे, रबर नवे, रंग नवा. मग ही तीच गाडी का? याचे उत्तर मला सातपाटीला मिळाले. तिथल्या खाडीत बोटी दुरुस्तीला ओढून ठेवतात. दर काही वर्षांनी कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालतात. असे होता होता पहिली एकही फळी उरत नाही, पण बोटीचे नाव बदलत नाही आणि पूजाही तिचीच होते. का? तर ती समुद्रात जाते म्हणून. डॉक्टरांची ही गाडी माणसांच्या कामी येत होती. तिला रॅलीपुरती ठेवायची म्हणजे फळ्या बदलून बोट अंगणात ठेवण्यासारखे. नावाची मागची पट्टी अर्धी तुटलेली होती. कुर्ल्यात 'पद्मिनी'ची पट्टी मिळत होती, 'प्रेसिडेंट'ची नाही. अर्धी होती ती तशीच लावली.

कुर्ल्याला आता त्या कारखान्याच्या जागी उंच इमारती आहेत. जिथे वालचंदांची मोटार जोडली जायची तिथे लोकांचे दिवाणखाने आहेत. त्याबद्दल हळहळ करण्यात अर्थ नाही. पण वालचंद हिराचंद म्हटले की जहाज, विमान, मोटार अशा 'जोड्या लावा' पाठ करून घेणारा मी मास्तर, ज्या माणसाच्या पगारावर शिकलो तो त्याच मोटारीची दारे बसवत होता, हे एका तासालाही वर्गात सांगू शकलो नाही. इतिहास नेहमी वालचंदांचा शिकवला. तोही खराच. पण दार कोणीतरी बसवलेले असते.

पहिल्या फेरीनंतरच्या रविवारी गाडी माहीमला नेली. वहिनींचे वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येते. अंगणात गाडी थांबली तशा काठी टेकत आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारले, "भावोजी, यातलं ह्यांनी काय केलं होतं?"

मी म्हणालो, "दारं."

त्यांनी पुढचे दार उघडले, लावले. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. मग "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. मी पंगतीतली ती गोष्ट त्यांना सांगणार होतो, मनात जुळवून गेलो होतो. त्या पंगतीला वाढायला वहिनीच होत्या, हे मला चहा घेता घेता आठवले. मग मी तेवढेच म्हणालो, "वहिनी, तेव्हा मी चुकलो होतो." त्यांना ऐकू गेले की नाही, सांगता येत नाही. साखर अजून हवी का, असे त्यांनी विचारले.

तर बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. गाडी अजून पूर्ण झालेली नाही. मागची उजवी काच अर्ध्यावर अडकते आणि पहिला गिअर गाडी ठार थांबल्याशिवाय पडत नाही (तो मात्र इटलीपासूनचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही). पालघरला कोणी आलात तर जरूर बसा. फक्त एक विनंती. दार आपटू नका. दोन बोटांनी लोटले तरी पुरते.